पहिलटकरणीचे प्रश्न : रात्री खाजणारे तळहात आणि एका पानाचा बर्थ प्लॅन

या वेळच्या पत्रांमधून तीन निवडलीत, तिन्ही पहिल्या बाळंतपणाची. पहिल्या पत्राला मेलवर लगेच उत्तर दिलं होतं कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखी ती गोष्ट नव्हती, इथे बाकीच्यांसाठी परत लिहितेय.

ताई, मला आठवा लागलाय, ३१ वा आठवडा. आयटीत आहे, तीन दिवस हिंजवडीला जाते बाकी घरून काम. रात्री जेवलं की आंबट पाणी घशाशी येतं, पहाटे पोटरीत असा गोळा येतो की ओरडतच उठते, आणि गेले पंधरा दिवस पुढचं हाड, म्हणजे दोन्ही मांड्यांच्या मधलं, इतकं दुखतं की सलवार घालताना भिंत धरावी लागते. सासूबाई म्हणतात सगळ्यांनाच होतं, आम्ही नववा भरेपर्यंत हंडे वाहिले. त्या वाईट नाहीत हो, जीव लावतात, पण मग मी सांगणंच सोडलं. डॉक्टरांकडे दीड तास बसायचं आणि आत पाच मिनिटं, तिथे हे किरकोळ काय सांगणार. हल्ली रात्री तळहात तळपाय पण खाजतात, पुरळ वगैरे काही नाही, हवा कोरडी आहे म्हणून असेल, खोबरेल लावते. – चिंचवड

अगं, शेवटच्या ओळीत जे उरकून टाकलंयस ना, मी तिथूनच सुरू करणार. पोट ताणलं जातं तशी पोटावर, मांड्यांवर खाज बऱ्याच जणींना सुटते, त्याला खोबरेल ठीक आहे. पण पुरळ नाही, तळहात तळपाय, आणि रात्री जास्त, हे तीन एकत्र आले की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. शेवटच्या तीन महिन्यांत काही जणींच्या लिव्हरमधून पित्त नीट पुढे सरकत नाही आणि पित्तातली आम्लं रक्तात साठतात, त्याने ही खाज येते. आईला नुसती खाज असते पण ही आम्लं फार वाढली तर पोटातल्या बाळाला धोका असतो. लिव्हर फंक्शन आणि बाइल अ‍ॅसिड अशा दोन रक्ताच्या तपासण्या असतात, औषध आहे, आणि गरज पडली तर डॉक्टर डिलिव्हरी थोडी अलीकडे घेतात. लघवी गडद होतेय का, शी पांढुरकी होतेय का तेही बघ आणि सांग. रिपोर्ट नॉर्मल आला तरी खाज चालूच राहिली तर परत तपासायला सांग, कारण खाज आधी आणि रिपोर्टमध्ये नंतर असंही होतं.

आता पुढचं हाड. तुला वाटतंय ते किरकोळ नाहीये, त्याला नाव आहे, उपाय आहेत. कंबरेची हाडं पुढे जिथे जुळतात तो सांधा बाळंतपणासाठी सैल व्हायला लागतो आणि दोन्ही पायांवर सारखं वजन नसलं की तिथे कळ येते. म्हणून सलवार घालताना, जिना चढताना, कुशीवर वळताना, स्कूटीवर पाय टाकताना दुखतं. सलवार पलंगावर बसून घाल, दुखणारा पाय आधी. कूस बदलताना आणि गाडीतून उतरताना दोन्ही गुडघे चिकटवून एकदम वळायचं, जणू पायात अरुंद परकर आहे. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. मांडी घालून बसणं आणि जमिनीवर उकिडवं बसून काम करणं सध्या बंद, कितीही कुणी म्हणू दे की त्याने बाळंतपण सोपं होतं. आणि डॉक्टरांकडून फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी घे, ते व्यायाम शिकवतात, कंबरेचा पट्टा कुठला आणि कसा बांधायचा ते दाखवतात.

पोटरीत गोळा आला की पाय सरळ करून बोटं स्वतःकडे ओढायची, टाच पुढे ढकलायची. नवऱ्याला शिकवून ठेव, अर्ध्या झोपेत तुला वाकता येणार नाही. झोपण्याआधी भिंतीला हात टेकवून पोटऱ्या ताणल्या तर पहाटेचं कमी होतं. मात्र एकच पाय सुजला, गरम लाल झाला आणि दुखणं जातच नाही तर मालिश अजिबात करायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं, रक्ताची गाठ असू शकते. जळजळीला रात्रीचं जेवण आठच्या आत आणि थोडं, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, तरी नाही थांबलं तर डॉक्टर गरोदरपणात चालणारं औषध देतात. सोडा घालून पाणी पिऊ नकोस. आणि लोहाची गोळी अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर, कॅल्शियमबरोबर किंवा चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, मध्ये दोनेक तास जाऊ दे.

पाठीवर झोपू नकोस, पोटाच्या वजनाने मागची मोठी शीर दबते, कुशीवर झोप. जाग आल्यावर पाठीवर असलीस तर घाबरायचं नाही, नुसतं वळायचं. सुजेचंही सांगते, संध्याकाळी पाय सुजणं चालतं, पण सकाळी उठल्या उठल्या चेहरा आणि हात सुजलेले, डोकं गोळी घेऊनही थांबत नाही, डोळ्यांपुढे ठिपके, पोटात वरच्या बाजूला दुखणं, यातलं एक जरी आलं तरी तडक जाऊन बीपी बघायचं, १४०/९० किंवा वर असलं तर घरी परत यायचं नाही. बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली तरी तेच, रात्र असली तरी, आधी काही गोड खाऊन बघते, सकाळी बघू, असं करायचं नाही.

राहिलं डॉक्टरांच्या पाच मिनिटांचं. फाइलच्या मागच्या पानावर तीन गोष्टी लिहून ने आणि दंडाला बीपीचा पट्टा बांधतात तेव्हाच वाचून दाखव, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला पेन उचललं की उशीर झालेला असतो. आणि सासूबाईंना हे उत्तर वाचायला दे. त्यांनी हंडे वाहिले हे खरंच आहे, त्यांचंही तेव्हा दुखत असणार, विचारायला कुणी नव्हतं इतकंच.

ताई, मी नाशिकला, माहेर चाळीसगावजवळ. डोहाळजेवण झालं की बाळंतपणाला माहेरी जायचंय. नेटवरून बघून मी चार पानी बर्थ प्लॅन, म्हणजे बाळंतपणात काय हवं काय नको त्याची यादी, केलाय, इंग्लिशमध्ये. नाशिकच्या डॉक्टर म्हणाल्या बघू वेळेवर. माहेरी तर डॉक्टरच वेगळे, आई म्हणते खासगीत जाऊ, बाबा म्हणतात सरकारीत चांगलं होतं. मला नॉर्मल हवंय, टाके नकोत, मिस्टर आत हवेत. लिहून दिलं तर डॉक्टर चिडतील का? – नाशिक

चिडणार नाहीत बहुतेक, पण चार पानं कुणी वाचणारही नाही. मी तीस वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून काढली. मी लागले तेव्हा येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट एनिमा, सरसकट वस्तरा, पहिलटकरीण असली की सरसकट टाके, आणि टेबलवर उताणी. कुणी तिला विचारलं नाही, मीही नाही. एकदा एक मुलगी, विशीतली असेल, कळ आली की पलंगाचा कठडा धरून उभी राहायची, तसं तिला बरं वाटत होतं, आणि मी तिला तीनदा दटावून आडवी केली. तिचा तो कठड्यावरचा हात मला अजून दिसतो. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांमध्ये स्पष्ट आहे की एनिमा, वस्तरा, बाळाची वाट मोठी करायचा छेद (ज्याला मग टाके पडतात) हे सरसकट करायचं नाही, बाळ बाहेर काढायला पोटावर दाबायचं नाही, बाईला हवं तसं उभं राहू द्या, चालू द्या, तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्या. म्हणजे तू जे मागतेयस ते नखरे नाहीत.

पण पोरी, प्लॅन म्हणजे हुकूम नाही. नॉर्मलच हवं असं लिहिता येत नाही, ते तुझ्या किंवा डॉक्टरांच्या हातात पूर्ण नसतं, बाळाचे ठोके पडायला लागले तर सिझर हेच बरोबर. मागता येतं ते हे, की काय करताय ते आधी मला सांगा. तू नाशिकच्या डॉक्टरांना लिहून दिलंस पण बाळंतपण दुसरीकडे, तर ते पान तिकडच्या डॉक्टरांसमोर ठेवायचं, आणि त्यासाठी दिवस भरल्यावर नाही, ३२-३४ आठवड्यांतच माहेरी जाऊन नाव घालायचं. फाइल, सगळ्या सोनोग्राफी, ब्लड ग्रुप, माता बाल संरक्षण कार्ड बरोबर ने. सरकारीत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची फुकट तपासणी असते, तो दिवस धर, तिथले डॉक्टर आणि सिस्टर कशा बोलतात तेही कळेल.

खासगी की सरकारी यावर मी आईबाबांच्या मध्ये पडत नाही, पण आकडा ठाऊक असू दे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात सरकारी दवाखान्यातल्या १०० बाळंतपणांत साधारण १४ सिझर होती, खासगीत ४७. सगळी सिझर काही विनाकारण नसतात, तरी खासगीत जाणार असाल तर सरळ विचारा, तुमच्याकडे पहिलटकरणीचं सिझर कुठल्या कारणांनी होतं. आणि दोन्हीकडे हे विचारा: रात्री दोनला भूल देणारे डॉक्टर किती वेळात पोचतात, रक्त कुठून आणतात, बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर इथे सोय आहे की पुढे पाठवता. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीत देतात ती भूल, हवी असेल तर तेही भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या उत्तरावरच ठरतं. सरकारीत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल काय सिझर काय, पैसे लागत नाहीत, घरून न्यायला १०२ ची गाडी असते.

मिस्टरांचं. सरकारी दवाखान्यात बर्थ कंपॅनियन, म्हणजे बाळंतपणात सोबतीला आपलं माणूस, ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच सांगितलंय, पण ती नात्यातली बाई, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली. एका खोलीत दोन-तीन बाया असतात म्हणून पुरुषांना सहसा सोडत नाहीत, पडदे पार्टिशन नीट असेल तिथे नवऱ्यालाही परवानगी मिळू शकते. जाऊन विचार, आणि नाही म्हणाले तर कोण आत येणार ते आत्ताच ठरव. आईला बघवत नसेल तर मावशी, बहीण. रडणारं माणूस आत नको.

आता ते एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. मी असं लिहीन: ‘माझ्यासोबत मावशी असतील. कळा सुरू असताना मला चालायचं, उभं राहायचं आहे, चालत असेल तर पाणी आणि हलकं खाणं हवं. कळा वाढवायचं इंजेक्शन, छेद, सिझर, काहीही करण्याआधी दोन वाक्यांत कारण सांगा. पोटावर दाबू नका. बाळ ठीक असेल तर नाळ लगेच कापू नका, मिनिटभर तरी थांबा. बाळाला पुसून माझ्या छातीवर द्या, पहिल्या तासात अंगावर पाजायचं आहे. बाळाला मध, गुळाचं पाणी, घुटी कुणी देऊ नये, माझ्या घरच्यांनीही नाही. सिझर झालं तर बाळ माझ्या गालाला लावा आणि शक्य तितक्या लवकर अंगावर द्या.’ मधाचं घरच्यांसाठी मुद्दाम घातलंय, कारण दवाखाना नाही देत, आत्या देते, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध खरोखर घातक ठरू शकतो.

दोन प्रती काढ, एक फाइलला टाचून आणि एक मावशीच्या पिशवीत. गेल्या गेल्या ड्युटीवरच्या सिस्टरच्या हातात दे आणि नावाने बोल तिच्याशी, बारा तास तीच तुझ्याजवळ असणार आहे, डॉक्टर नाही. आणि फार लवकर धावू नका, पाणी गेलं नाही, अंगावर लाल जात नाही, बाळ हलतंय आणि दवाखाना जवळ आहे तर कळा पाचेक मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या आणि तासभर तशाच येईपर्यंत घरीच चाल, गरम पाण्याने अंघोळ कर. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत पहिल्या वेळी खूप वेळ जातो, त्यात काही बिघडलेलं नसतं. गाव दवाखान्यापासून लांब असेल तर मात्र हे गणित सोड आणि आधी निघ.

मुलगी पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येतेय. नवव्यात साजूक तूप दिलं की वाट मोकळी होते ना? आणि दिवस वर गेले तर एरंडेल द्यायचं का? मीच तिच्याबरोबर आत जाणार आहे. – कोल्हापूर

तूप पोटात जातं हो ताई, बाळ गर्भपिशवीत असतं, त्या दोन वाटा वेगळ्या. चवीपुरतं भातावर द्या, वाट्या नकोत, आधीच जळजळ असते. एरंडेल घरी अजिबात नको, जुलाब होऊन पोरगी कळांच्या आधीच गळून जाते. दिवस वर गेले तर दवाखान्यात न्या, बाळाचे ठोके, पाणी तपासून ते ठरवतील.

आत जाल तेव्हा कळ आली की तिच्या कंबरेवर, माकडहाडाच्या जरा वर, तळहाताची टाच ठेवून जोरात दाबून धरा, कळ ओसरली की सोडा. चोळू नका, दाबा. मध्ये मध्ये घोटभर पाणी आणि दर दोनेक तासांनी लघवीला नेऊन आणा. ओरडली तर ओरडू द्या, आणि शेजारच्या पलंगावरचीला किती लवकर झालं ते तिच्या कानावर पडू देऊ नका.