फिलिपिन्समधल्या बायका-मुलांच्या सूक्ष्मपोषक कमतरतेवर काय संशोधन झालंय, आणि वाचायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही फिलिपिन्समधल्या सेबू शहरात वैद्यकीय शिक्षण घेताय, कम्युनिटी मेडिसिनच्या प्रकल्पासाठी हा विषय घेतलाय आणि 'इतकी वर्षं संशोधन होऊनही तिथे ॲनिमिया का?' असंही विचारलंय. मी आहारशास्त्र शिकवते. माझ्या विद्यार्थिनींना सांगते तेच तुम्हालाही सांगते: टक्केवारी नंतर बघा, आधी तांदूळ बघा.

तिथली गोष्ट बेरीबेरीपासून, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या रोगापासून, सुरू होते. कोंडा काढून पांढराशुभ्र केलेला तांदूळ खाणाऱ्या आईच्या दुधात थायमिन, म्हणजे ब-१, पुरेसं उतरत नाही. मग अंगावर पिणारं बाळ दोन-तीन महिन्यांचं असताना अचानक दगावतं. काही बाळांचा तर आवाज बसतो. तोंड रडतं, आवाज येत नाही. १९१०च्या सुमारास मनिलात एडवर्ड व्हेडर हा लष्करी डॉक्टर आणि रॉबर्ट विल्यम्स हा रसायनतज्ज्ञ भाताच्या कोंड्याचा अर्क अशा बाळांना पाजून बघत होते. तिथे त्याला टिकीटिकी म्हणतात. त्यात नेमकं काय आहे याचा विल्यम्सने पुढे पंचवीसेक वर्षं पिच्छा पुरवला आणि १९३६मध्ये थायमिन कृत्रिमरीत्या बनवलं. मारिया ओरोसा या फिलिपिनो अन्नतंत्रज्ञ बाईंनी तोच कोंडा, तिथला 'दाराक', बिस्किटांत घातला. १९४५च्या फेब्रुवारीत मनिलाच्या लढाईत त्या मारल्या गेल्या. त्यांच्याबद्दल वाचाच, विषयाला सोडून वाटलं तरी.

महायुद्धानंतर, १९४८मध्ये, हुआन साल्सेदो आणि विल्यम्स यांनी बतान प्रांतात प्रयोग केला. एका भागात दोनशे दाण्यांमागे एक जीवनसत्त्वयुक्त दाणा मिसळलेला तांदूळ, दुसऱ्या भागात साधा. पहिल्या भागात बेरीबेरीचे मृत्यू झपाट्याने खाली आले. १९५२मध्ये कायदाही झाला. पण गिरणीवाल्यांनी दाद दिली नाही. मिसळायचे दाणे किती विकत घेतले यावरून भात किती भरडला हे सरकारला कळणार आणि कर लागणार! पोषणाच्या पुस्तकात हे कारण सापडणार नाही, पण मला ते सगळ्यात शिकवणारं वाटतं.

२०००मध्ये नवा कायदा आला: तांदळात लोह, मैद्यात लोह आणि 'अ' जीवनसत्त्व, साखर आणि तेलात 'अ'. लोह घातलेल्या दाण्याचा रंग वेगळा दिसतो, आणि तांदूळ निवडणाऱ्या बाईचा हात आधी तिथेच जातो. हसू नका, आपल्या रेशनच्या तांदळात पोषणयुक्त दाणे आल्यावर चिपळूणच्या माझ्या मावशीने 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून ते वेचून फेकले होते.

आता आकडे. तिथल्या अन्न व पोषण संशोधन संस्थेची राष्ट्रीय सर्वेक्षणं हा मुख्य साठा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत 'अ'ची कमतरता २००३मध्ये ४०.१ टक्के, २००८मध्ये १५.२, २०१३मध्ये पुन्हा २०.४. हा आलेख सरळ प्रगती किंवा अधोगती म्हणून वाचू नका. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये 'अ'चे डोस देण्याची तिथे मोहीम असते, डोसचा रक्तातला परिणाम काही महिनेच टिकतो, आणि मुलाला ताप-संसर्ग असेल तर रक्तातलं रेटिनॉल (म्हणजे 'अ'चं रक्तात मोजतात ते रूप) तसंही खाली दिसतं. रक्त कधी काढलं, हे आधी शोधा.

आयोडीनचं तर डोळे उघडणारं आहे. मीठ आयोडीनयुक्त करण्याचा कायदा १९९५चा. २००८मध्ये शाळकरी मुलांच्या लघवीतलं आयोडीन ठीक होतं, म्हणजे मध्यक (सगळ्या मोजमापांतला मधला आकडा) लिटरमागे १३२ मायक्रोग्रॅम. त्याच वर्षी गर्भवतींचं १०५ होतं, आणि त्यांना हवं किमान १५०. मुलांवरून आयांचा अंदाज बांधायचा नाही तो यासाठी.

ॲनिमियात सगळ्यात बिकट गट सहा ते अकरा महिन्यांची बाळं. २००८मध्ये निम्म्याहून जास्त. जन्मताना आणलेला लोहाचा साठा याच सुमारास संपतो आणि वरचं अन्न म्हणून मिळते 'लुगाव', म्हणजे आपली पेज, बहुतेकदा पातळ. म्हणूनच २००९मध्ये तिथे सुरू झालेली 'उनांग याकाप' मोहीम महत्त्वाची: बाळ आईच्या छातीवर ठेवायचं आणि नाळ लगेच कापायची नाही, त्यामुळे साठा थोडा वाढतो. तुम्हाला कुणीतरी मालुंगाय सुचवेलच, तो आपला शेवग्याचाच पाला. चांगलाच आहे, पण पालेभाजीतलं लोह अंगी कमी लागतं. वर कालामान्सी, म्हणजे तिथलं छोटं लिंबू, पिळली तर जरा बरं. आणि सगळा ॲनिमिया लोहाचा नसतो, फिलिपिनो लोकांत थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहकही आहेत. नुसतं हिमोग्लोबिन मोजून निष्कर्ष काढलात तर मी तरी गुण कापीन.

सेबूत आहातच, तर १९८३-८४मध्ये जन्मलेल्या तीन हजारांहून अधिक बाळांचा आणि त्यांच्या आयांचा मागोवा घेणारा अभ्यास तुमच्याच शहरातला आहे, तो आधी वाचा.

प्रकल्पासाठी मात्र मी रक्त काढायला सांगणार नाही. वीस-पंचवीस घरांतून चमचाभर मीठ घ्या, चाचणीच्या किटचे दोन थेंब टाका, निळं होतं का बघा, आणि ते पाकिटातलं की सुटं, हे विचारा. परवानगी याला पण घ्यावी लागेल, पण चमचाभर मिठाला कुठली बाई नाही म्हणेल?