बगॅस २० टक्के जाळला, रिपोर्टात ९ टक्के का आला?

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी फाइल डोळ्यांसमोर आली. तुमची गोष्ट अशी: पेपर मिल, एएफबीसी बॉयलर (हवेने तरंगत्या थरात इंधन जाळणारा), कोळशात शेजारच्या साखर कारखान्याचा बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, वजनाने २० टक्के. थर्ड पार्टीवाल्याने दुपारी तासभर स्टॅकचं, म्हणजे चिमणीतल्या धुराचं, सॅम्पल घेतलं आणि कार्बन-१४ चा रिपोर्ट आला ९ टक्के बायोजेनिक (वनस्पतीतून आलेला कार्बन). युरोपातलं गिऱ्हाईक खुलासा मागतंय, तुमचे साहेब म्हणतात लॅबने घोळ घातला, आणि सॅम्पल घेणारा म्हणतो ब्लॅडरमध्ये (धूर भरायच्या रबरी पिशवीत) हवा शिरली असेल. आमच्याकडे बगॅसच्या जागी ब्रिकेट (भुसा-काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या) होत्या, बाकी गोष्ट हीच. म्हणून जरा लांबण लावतो.

कार्बन-१४ तुम्हाला ठाऊक दिसतोय, म्हणून एका ओळीत: हा किरणोत्सारी कार्बन ताज्या वनस्पतींत हवेतून येतो, आणि कोट्यवधी वर्षं जुन्या कोळशात तो क्षय होऊन संपलेला असतो.

लॅबवर चिडण्याआधी एक हिशोब करा. लॅब वजन मोजत नाही, उष्मांकही मोजत नाही. धुरातल्या एकूण कार्बनपैकी किती कार्बन ताज्या वनस्पतीतून आला, एवढंच ती सांगते. गाळपातून निघालेल्या बगॅसमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं. कोरड्या बगॅसमध्ये कार्बन ४७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ओल्यात साडेतेवीस. कोळसा ४२ टक्के कार्बनचा धरू, तुमचा अल्टिमेट अ‍ॅनालिसिस (इंधनातल्या मूलद्रव्यांची तपासणी) असेल तर तो आकडा घाला. १०० किलो मिश्रणात बगॅसचा कार्बन ४.७ किलो, कोळशाचा ३३.६ किलो. म्हणजे बायोजेनिक वाटा १२.३ टक्के. २० ची अपेक्षाच मुळात चुकीची होती. वाद असलाच तर तो १२ आणि ९ मधला आहे.

हवा शिरल्याची सबबही टिकत नाही. बाहेरच्या हवेत सीओटू ४२० पीपीएमच्या आसपास, तुमच्या धुरात १२ टक्के तरी असेल. सॅम्पलमध्ये निम्मी हवा मिसळली तरी हवेतून आलेला सीओटू एकूण सीओटूच्या अर्धा टक्कासुद्धा होत नाही. शिवाय हवेतला कार्बन ताजा असतो, त्यामुळे आकडा वाढला असता. तुमचा तर कमी आलाय. (ब्लॅडर मात्र फेकून द्या. ऑर्सॅट या जुन्या गॅस-तपासणी उपकरणासाठी फुटबॉलचा ब्लॅडर वापरायची आपल्याकडची सवय जुनी आहे, पण रबरातून सीओटू झिरपतो. फॉइलची गॅस बॅग घ्या.)

माझा संशय त्या एका तासावर आहे. बगॅस दिवसभर सारखा पडतो का? कन्व्हेयर चोकअप होतो, ट्रॅक्टर उशिरा येतो, पाऊस लागला की फायरमन कोळसा वाढवतो. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकाच आधणात शिजला असेल तर.

आता ज्यात आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते सांगतो. नाव घेणार नाही. आमचे आकडे तपासून शिक्का देणारं एक कार्यालय होतं. आम्ही महिनाभर थोडा थोडा धूर ओढून एकत्र सॅम्पल केलं होतं, कारण ब्रिकेट फक्त दिवसपाळीत पडत. त्यांच्या फॉर्ममध्ये 'सॅम्पल घेतल्याची तारीख व वेळ' असा एकच रकाना. आम्ही 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' लिहिलं, तर रिपोर्ट परत. सोबत स्टॅकच्या फ्लोचा आलेख जोडला, पद्धत कोणत्या मानकातली ते लिहिलं. उत्तर आलं, 'विहित नमुन्यात सादर करावे'. फोन केला की संबंधित साहेब दौऱ्यावर. शेवटी त्यांनीच सुचवलेला माणूस आला, सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे ब्रिकेट जोरात पडत असताना, तासभर सॅम्पल घेऊन गेला. आकडा महिन्याच्या सरासरीच्या दुपटीजवळ आला. मग त्याच कार्यालयाने कळवलं की हा आकडा इंधनाच्या बिलांशी जुळत नाही, म्हणून बायोजेनिक वाटा शून्य धरण्यात येत आहे! महिन्याच्या सॅम्पलचा आकडा बिलांशी जुळत होता, तो मात्र रकान्यात बसत नव्हता. त्या वर्षी महागड्या ब्रिकेट जाळून कागदोपत्री आम्ही निव्वळ कोळसावाले ठरलो. अजून आठवलं की डोकं तापतं. असो.

म्हणून माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या: सॅम्पल घेण्याआधी जो आकडा स्वीकारणार आहे त्याच्याकडून पद्धत, कालावधी आणि रिपोर्टचा नमुना ईमेलवर लिहून घ्या. तोंडी 'चालेल' चालत नाही. कागद हा माल युरोपच्या सीबॅमच्या (आयात मालावरच्या कार्बन-शुल्काच्या) यादीत नाही, तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकाला हा आकडा बहुधा त्यांच्या स्वतःच्या हिशोबासाठी हवा असेल. मग पद्धत ठरवताना त्यांच्याशी सरळ बोलता येईल. आयएसओ १३८३३ हे स्टॅकमधल्या बायोजेनिक सीओटूसाठीचंच मानक आहे, आणि प्रयोगशाळेतल्या मोजणीला एएसटीएम डी ६८६६ सर्रास चालतं. दोन्हींची नावं ईमेलमध्ये घाला.

सॅम्पल घेताना किती धूर हवा याची काळजी करू नका. १२ टक्के सीओटूच्या एक लिटर धुरात सुमारे ६० मिलिग्रॅम कार्बन असतो, आणि कार्बन-१४ मोजणाऱ्या एएमएस यंत्राला मिलिग्रॅमभर पुरतो. काळजी वेळेची करा. छोटा पंप लावून आठवडाभर, जमलं तर महिनाभर, बारीक धारेने धूर ओढायचा, आणि लोड वरखाली होत असेल तर पंपाचा वेग फ्लोच्या प्रमाणात ठेवायचा. आयडी फॅननंतर (चिमणीकडे धूर ओढणाऱ्या पंख्यानंतर) टॅपिंग मिळालं तर उत्तम. आम्ही सीईएमएसच्या (चिमणीचा धूर सतत मोजणाऱ्या यंत्रणेच्या) अ‍ॅनालायझरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या नळीला टी मारली होती, कारण तिथे गॅस आयता वाळवून मिळतो. फक्त अ‍ॅनालायझर कॅलिब्रेट करताना आपला वाल्व बंद ठेवा, नाहीतर सिलिंडरमधला सीओटू तुमच्या सॅम्पलमध्ये जमा होईल. आणि तो सिलिंडर कुठला हे बघा बरं का, डिस्टिलरीच्या किण्वनातून भरलेला असेल तर तो चक्क बायोजेनिक!

बॅगेऐवजी कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये) गॅस शोषून घेणार असाल तर इथे लोक हमखास फसतात. कॉस्टिकचे दाणे हवेतला सीओटू ओढून घेतात, त्यामुळे डबा फोडल्यापासूनच त्यात ताजा कार्बन असतो. १०० ग्रॅम कॉस्टिकमध्ये १ टक्का कार्बोनेट धरा, म्हणजे ०.११ ग्रॅम कार्बन. एवढ्या कॉस्टिकमध्ये तुम्ही धुरातला फक्त १ ग्रॅम कार्बन गोळा केलात तर खरे १२ टक्के रिपोर्टात २१ टक्के होऊन येतात. त्याच कॉस्टिकमध्ये १२ ग्रॅम गोळा केलात तर चूक एका टक्क्याच्याही आत. तेव्हा कॉस्टिक कमी, गॅस जास्त, डबा नवा. आणि गॅस न सोडलेली एक बाटली कोरा नमुना म्हणून सोबत पाठवायचीच. लॅबवाले ती मागत नाहीत, म्हणून कुणी पाठवत नाही.

बगॅसवाल्यांना एक फुकटचा फायदा आहे. ऊस सी-४ गटातला (मका-ज्वारीसारखी प्रकाशसंश्लेषणाची वेगळी पद्धत असलेला), त्याचा कार्बन-१३ चा आकडा (ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती कमी-जास्त, दर हजारी) उणे १२ च्या आसपास असतो आणि कोळशाचा उणे २५ च्या जवळपास. बऱ्याच लॅब रिपोर्टच्या कोपऱ्यात हा आकडा देतात. वरच्या हिशोबाचे १२ टक्के खरे असतील तर धुरात तो उणे २३.४ च्या आसपास दिसायला हवा. तुमच्या कोळशाचा आकडा वेगळा मोजून घ्या, आणि हा पडताळा बॅगेतल्या सॅम्पलवरच करा, कॉस्टिकमध्ये गॅस अर्धवट शोषला गेला की हा आकडा सरकतो. पुरावा म्हणून कुणी मानणार नाही, पण आपल्या मनाची खात्री होते.

बगॅससोबत जुन्या झाडांची लाकडं जाळत असाल तर तेही लॅबला कळवा. १९६३ च्या सुमारास अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला होता, आणि त्या व पुढच्या दशकांत वाढलेल्या लाकडात तो जास्त भरतो. बगॅस वर्ष-दीड वर्षाचा, त्याचा संदर्भ आकडा, म्हणजे निव्वळ ताज्या इंधनातला कार्बन-१४, १०० धरून चालतो. लाकडाचा ११० असला आणि तुम्ही १०० धरलात तर २० चे २२ होतात.

खाली एकाने विचारलंय, सिमेंटच्या भट्टीला हे चालेल का. तिथे हे थेट चालणार नाही. भट्टीच्या सीओटूपैकी साधारण ६० टक्के चुनखडीतून येतो, त्यात कार्बन-१४ नसतोच. इंधनातला निम्मा कार्बन बायोमासचा असला तरी चिमणीवर २० टक्केच दिसेल. तो भाग वेगळा काढावा लागतो. एएफबीसीमध्ये गंधकासाठी चुनखडी टाकत असाल तर तुम्हालाही थोडा फरक पडेल, पण कमी गंधकाच्या कोळशाला नगण्य.

मोजायचं कुठे? दिल्लीचं आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्र आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा इथे एएमएस यंत्रं आहेत, पण त्या संशोधन संस्था आहेत, बाहेरचं सॅम्पल घेतात का ते आधी विचारा. गिऱ्हाईक आयएसओ १७०२५ (प्रयोगशाळेच्या सक्षमतेची) मान्यता मागत असेल तर तेही आधीच विचारा. परदेशी पाठवणार असाल तर बॅगच बरी. कॉस्टिकचं द्रावण कुरिअरच्या दृष्टीने धोकादायक माल असतं, आणि पार्सल गोदामात अडकलं की सोडवणारा कुणी भेटत नाही.

मी बॉयलर हाऊसमधला माणूस आहे, आकडे तपासून शिक्का देणारा व्हेरिफायर नाही, तेव्हा गिऱ्हाइकाच्या नियमावलीबद्दल माझा शब्द शेवटचा मानू नका. सध्या एवढंच करा: ज्या दिवशी सॅम्पल घेतलं त्या दिवसाचं बगॅस फीडरचं लॉगशीट काढा, आणि त्या आठवड्याच्या बगॅसची ओल किती होती ते बघा. दुपारच्या त्या तासात फीडर किती वेळ बंद होता ते इथे टाकलंत तर ९ आणि १२ मधला हिशोब मी लावून देतो.