मायटोकॉन्ड्रियल डीएनए आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर: सुरुवात कुठून करायची

अभिनंदन रे! खारघरला प्रोजेक्ट मिळालाय तर घाबरू नकोस, मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) हा डीएनए फक्त 16,569 बेसचा आणि 37 जीन्सचा, वाशी-पनवेल लोकलमध्ये नकाशा पाठ होईल. सध्या एवढंच धर:

- ट्यूमरसोबत त्याच पेशंटचं रक्त किंवा नॉर्मल टिश्यू हवंच, नाहीतर आईकडून आलेला फरकही (हा डीएनए आईकडूनच येतो) तू ट्यूमरचं म्युटेशन म्हणून मोजशील, नवीन पोरं हमखास इथेच फसतात
- न्यूक्लियसमध्ये याच डीएनएचे जुने तुकडे पडलेले असतात, ते चुकून मोजले जाऊ नयेत म्हणून प्रायमर (हवा तो भाग कॉपी करायला लागणारे छोटे डीएनए तुकडे) जपून निवड

आणि बदल दिसला की लगेच ‘यानेच कॅन्सर झाला’ असं लिहू नकोस हां. 1998 मध्ये कोलोरेक्टल (मोठ्या आतड्याच्या) कॅन्सरच्या 10 पैकी 7 सेल लाइन्समध्ये (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींमध्ये) असे बदल सापडले, तरी ते कारण की परिणाम हा वाद अजून चालूच आहे. हेटेरोप्लाझ्मी (एकाच पेशीत या डीएनएच्या बदललेल्या आणि न बदललेल्या अशा दोन्ही प्रती असणं) वगैरे नंतर बघू, आधी सॅम्पलवर लेबलं नीट लाव.