क्रेडिट कार्डाने ऑनलाइन खरेदी करताना फसवणूक कशी टाळावी?

नवं क्रेडिट कार्ड आलंय, दिवाळीची खरेदी ऑनलाइन करायची आहे आणि घरचे म्हणतात ते कापून टाक, असं तुम्ही लिहिलंय. कापू नका. मी साताऱ्यात एका बँकेच्या शाखेत काउंटरला बसते. डेबिट कार्डावर डल्ला पडला की तुमचा पगार, तुमची शिल्लक जाते. क्रेडिट कार्डावर पडला तर बिलाबद्दल बँकेशी वाद घालता येतो, खातं शाबूत राहतं. म्हणून ऑनलाइनला क्रेडिट कार्डच बरं, फक्त आधी त्याला वेसण घाला.

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचं सेटिंग उघडा आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद आहेत ना ते बघा. आपल्याकडच्या साइटवर सहसा ओटीपी लागतो. परदेशातल्या कित्येक साइटवर मात्र कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे कापले जातात. मग ऑनलाइन खर्चाची मर्यादा खाली आणा. कार्ड लाखाचं असलं तरी मर्यादा पाच हजारांवर ठेवा, फ्रिज घ्यायचा त्या दिवशी वाढवा, काम झालं की परत उतरवा. ही बंद-चालू करायची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून सगळ्या बँकांना सक्तीची केली आहे, तरी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांना ती माहीतच नसते.

‘कार्ड सेव्ह करू का’ असं ओळखीच्या मोठ्या साइटने विचारलं तर घाबरायचं कारण नाही. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना तुमचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, त्याजागी टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी वापरायचा एक सांकेतिक आकडा असतो. साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं म्हणून मात्र भुलू नका. मधल्या वाटेत माहिती कुणी वाचणार नाही, एवढंच ते सांगतं. दुकानदार खरा की खोटा, ते नाही.

आता ओटीपी. कोरेगावकडचे एक निवृत्त गुरुजी शाखेत आले होते. ‘पत्ता अपुरा आहे, पार्सल परत जाईल, पाच रुपये भरा’ असा मेसेज त्यांना आला. सुनेने खरंच काहीतरी मागवलं होतं, त्यामुळे शंका आली नाही. लिंकवर कार्डाचा नंबर टाकला, ओटीपीही टाकला. मी त्यांच्या फोनवर तो ओटीपीचा मेसेज उघडून बघितला. रक्कम अठ्ठेचाळीस हजार, आणि नाव भलत्याच दुकानाचं. सगळं तिथेच छापलेलं होतं, पण नजर गेली ती फक्त सहा आकड्यांवर. हल्ली फोन ते आकडे आपणहून भरून देतो, म्हणजे मेसेज उघडायचंही कारण उरत नाही. कृपा करून प्रत्येक वेळी मेसेज उघडा, रक्कम आणि दुकानाचं नाव वाचा, मगच आकडे टाका.

गुरुजी दोन दिवस घरी काहीच बोलले नव्हते. मुलगा काय म्हणेल याची भीती. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं. माणूस लाजेपोटी गप्प बसतो आणि तेवढ्यात चोर कार्ड आणखी वापरतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाही पडत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण त्यानंतरचं बँकेचं. म्हणजे कळवायला उशीर केलात की भुर्दंड वाढलाच.

तेव्हा आधी ॲपमधून कार्ड ब्लॉक करा. मग कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे चोरांनीच आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. फोनवर कुणी ‘पैसे परत करतो, हे ॲप टाका’ म्हणालं तर फोन ठेवून द्या. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात जाऊन पडले असतील तर ते तिथेच गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. बँकेकडे लेखी तक्रार देऊन तिचा क्रमांक घ्या. ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी लागत नाही, वकीलही लागत नाही.