तुमचा सीव्ही कोण वाचतं?

प्रश्न : ताई, मला दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला आहे. एकाचं नाव जगभर माहीत आहे, पण तिथे विषय बिझनेस मॅनेजमेंट. दुसऱ्या ठिकाणी गणित. विद्यापीठ चांगलं आहे, पण मोठ्या बँका तिथे फिरकत नाहीत असं ऐकलं. गणित मला लहानपणापासून आवडतं, एखादं उदाहरण सुटेपर्यंत जेवायचं भान राहत नाही. मला पुढे इन्व्हेस्टमेंट बँकेत, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या विभागात काम करायचं आहे. बाबा म्हणतात नाव बघ, सर म्हणतात विषय बघ. काय करू?

उत्तर : तुला आधी एका संध्याकाळबद्दल सांगते. मी बँकेत होते तेव्हा काही वर्षं नव्या मुलांच्या निवडीचं काम माझ्याकडे होतं. दिवसभराचं डीलचं काम संपवून रात्री आठला आम्ही तिघं अर्जांचा गठ्ठा घेऊन बसायचो. जागा मोजक्या, अर्ज शेकड्यांनी. एका सीव्हीला अर्धं मिनिट मिळालं तरी पुष्कळ. त्या अर्ध्या मिनिटात नजर आधी विद्यापीठाच्या नावावर जायची, मग गुणांवर, मग आधीच्या इंटर्नशिपवर. पदवीचा विषय कोणता, हे बहुतेक वेळा आम्ही त्यानंतर वाचायचो. हे योग्य होतं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. पण तू निर्णय घेणार आहेस, तर गठ्ठ्यापलीकडे काय चालतं ते तुला माहीत असायला हवं.

विषयाला इतकं कमी वजन का, ते कामाकडे पाहिलं की कळतं. तू म्हणतेस त्या विभागात, म्हणजे ‘एम अँड ए’मध्ये (मर्जर्स अँड अ‍ॅक्विझिशन्स), लागणारं गणित बेरीज, गुणाकार, टक्केवारी आणि चक्रवाढीचं. अवघड असतं ते हिशेबाची पत्रकं एकमेकांत कशी गुंतलेली आहेत हे डोळ्यांसमोर ठेवणं. मुलाखतीत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न बघ : घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी दाखवलेला खर्च) १० रुपयांनी वाढला आणि कर ३० टक्के असेल, तर नफा-तोटा, रोख प्रवाह आणि ताळेबंद या तिन्ही पत्रकांत काय बदलेल? करपूर्व नफा १० ने घटतो, कर ३ ने वाचतो, म्हणून निव्वळ नफा ७ ने कमी. रोख प्रवाहात तो ७ चा फटका बसतो, पण घसाऱ्यात रोकड बाहेर जातच नाही, म्हणून १० परत मिळवायचे. रोकड ३ ने वाढली. ताळेबंदात रोकड ३ ने वर, यंत्रसामग्री १० ने खाली, म्हणजे मालमत्ता ७ ने कमी. दुसऱ्या बाजूला राखीव नफाही ७ ने कमी. ताळेबंद जुळला. गणितात एखादं उदाहरण सुटेपर्यंत न उठणाऱ्या मुलीला हे शिकायला एक आठवडा पुरेल. इतिहासाच्या मुलीला कदाचित तीन. म्हणूनच बँका विषयाबाबत एवढ्या सैल असतात, विशेषतः लंडनमध्ये.

मोठ्या बँकांच्या प्रमुखांकडे पाहिलंस तरी हेच दिसेल. गोल्डमन सॅक्सचे माजी प्रमुख लॉईड ब्लँकफाइन इतिहास आणि नंतर कायदा शिकले, दोन्ही हार्वर्डला. बँक ऑफ अमेरिकाचे ब्रायन मॉयनिहान ब्राउन विद्यापीठात इतिहास शिकले. जेपी मॉर्गनचे जेमी डायमन टफ्ट्‌सला मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र. २००७ ते २०१२ या काळात सिटीग्रुप सांभाळणारे विक्रम पंडित कोलंबियातून विद्युत अभियंता झाले आणि तिथेच १९८६ साली त्यांनी फायनान्समध्ये पीएचडी केली. विषय पाहा, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. आता विद्यापीठांची नावं पुन्हा वाच.

या नावाचा फायदा नेमका किती, यावर अमेरिकेत गंभीर अभ्यास झाले आहेत आणि ते वरवर एकमेकांच्या विरोधात जाणारे वाटतात. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ साली दाखवलं की, ज्यांना नामांकित कॉलेजात प्रवेश मिळाला होता पण जे दुसरीकडे शिकले, त्यांची कमाई नामांकित ठिकाणी शिकलेल्यांइतकीच निघाली. गरीब घरांतून आलेल्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजचा फायदा झाला. मग २०२३ साली राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी आयव्ही लीग या जुन्या, नामांकित अमेरिकी गटातली आठ आणि तशाच वजनाची आणखी चार, अशी बारा विद्यापीठं तपासली. त्यांनाही सरासरी कमाईत फारसा फरक सापडला नाही. पण तिथे गेल्यामुळे सर्वांत जास्त कमावणाऱ्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता निम्म्याने वाढत होती आणि प्रतिष्ठित कंपनीत काम मिळण्याची शक्यता जवळपास तिप्पट होत होती. मला यात विरोध दिसत नाही. चांगलं आयुष्य उभं करायला मोठं नाव लागत नाही. पण नावावरून माणसं निवडणारे काही थोडे व्यवसाय आहेत, आणि तू त्यांतल्याच एकाचं दार ठोठावते आहेस. समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी अशा कंपन्यांच्या निवडप्रक्रियेचा जवळून अभ्यास केला. कंपन्यांकडे ठरावीक विद्यापीठांची यादी असते आणि यादीबाहेरच्या अर्जांकडे क्वचितच कोणी गंभीरपणे पाहतं, असं त्यांना आढळलं.

मात्र नावाचा खरा उपयोग सीव्हीच्या वरच्या ओळीत असतो असं मानू नकोस. तो असतो वेळापत्रकात. लंडनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी बँका वसंतात कामाची ओळख करून देणारा छोटा कार्यक्रम, म्हणजे ‘स्प्रिंग वीक’ घेतात. तिथे चमकलेल्यांना पुढच्या उन्हाळ्याच्या, साधारण नऊ-दहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी झुकतं माप मिळतं, आणि कायम नोकऱ्यांचा मोठा हिस्सा त्या इंटर्नमधूनच भरला जातो. स्प्रिंग वीकचे अर्ज पदवीच्या पहिल्याच सत्रात भरावे लागतात. अनेक बँका अर्ज येतील तसे तपासत जातात, त्यामुळे शेवटच्या तारखेला भरलेला अर्ज बहुधा उशिराच झालेला असतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ऑक्सफर्ड, केंब्रिज, इम्पीरियल, वॉरिक अशा ठिकाणी हे पहिल्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाची मुलं सांगतात. सीव्ही कसा लिहायचा, मुलाखतीत काय विचारतात, हेही तेच सांगतात.

मी भौतिकशास्त्र शिकले, कोणत्याही यादीत नसलेल्या विद्यापीठात. स्प्रिंग वीक हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिसऱ्या वर्षी, एका अनोळखी मुलीकडून, आगगाडीत. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान होती आणि तिच्या हातात पुढच्या उन्हाळ्याचं नियुक्तिपत्र होतं. मला बँकेत शिरायला त्यानंतर चार वर्षं लागली. बुद्धीत आम्हा दोघींत फार अंतर होतं असं मला वाटत नाही. तिला वेळेवर सांगणारं कोणीतरी होतं. हे आठवलं की आजही वाईट वाटतं, आणि हे सदर लिहायला मी तयार झाले त्यामागे ती आगगाडी आहे.

तेव्हा माझं मत : तुला ‘एम अँड ए’च हवं असेल, तर नाव असलेलं विद्यापीठ घे. पण आधी त्यांना आजच विचार की बिझनेस मॅनेजमेंटऐवजी अर्थशास्त्र, गणित किंवा दोन्हींची जोडपदवी मिळू शकेल का, किंवा पहिल्या वर्षानंतर विषय बदलता येतो का. नाहीच म्हणाले तर निवडीचे जेवढे विषय मिळतील तेवढे संख्याशास्त्र आणि अर्थमितीचे, म्हणजे आर्थिक आकडेवारीच्या विश्लेषणाचे, घे. कारण ब्रिटनमध्ये बहुतेक बँका किमान ‘टू-वन’, म्हणजे वरची दुसरी श्रेणी मागतात. कंटाळून गुण त्याखाली गेले, तर विद्यापीठाचं नाव तुझ्यासाठी काहीही करणार नाही.

आणि एक गोष्ट स्वतःशी नीट तपास. ट्रेडिंग (रोखे, चलनं यांची खरेदी-विक्री), स्ट्रक्चरिंग (ग्राहकाच्या गरजेनुसार गुंतागुंतीचे आर्थिक करार बांधणं), क्वांट (गणिती मॉडेल बनवणं) या विभागांत गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र खरोखर लागतं. तिथे संभाव्यतेची उदाहरणं समोर सोडवून घेतात आणि विद्यापीठाच्या नावाचा दबदबा त्या मानाने कमी असतो. तुझ्या पत्रात बँकेवर एक ओळ आहे आणि गणितावर जीव ओतलेला आहे. ‘एम अँड ए’चं काम तुला ठाऊक असून हवं आहे, की फक्त तेच नाव कानावर आलं आहे? ट्रेडिंग किंवा क्वांटकडे ओढा आहे असं जाणवलं, तर माझं उत्तर उलटं होईल. मग सरांचं ऐक आणि गणित घे.

प्रश्न : माझी मुलगी नामांकित विद्यापीठात इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता ती इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचं म्हणते. तिने विषय बदलावा का? निदान सीएफए सुरू करावं का? आणि खरं सांगायचं तर, त्या कामाच्या तासांबद्दल ऐकून मला भीती वाटते.

उत्तर : विषय बदलू देऊ नका. विद्यापीठ योग्य आहे, आणि इतिहासात चांगले गुण मिळवणारी मुलगी शंभर पानांतून कामाचं तेवढं वेचून दोन पानांत मांडू शकते. पिचबुक, म्हणजे ग्राहकापुढे व्यवहाराचा प्रस्ताव मांडणारी पुस्तिका, लिहिताना हेच लागतं. तिने सुट्टीत वर दिलेल्या घसाऱ्याच्या उदाहरणासारखी पन्नास उदाहरणं सोडवावीत, एक्सेलमध्ये एखाद्या नोंदणीकृत कंपनीचं मूल्यांकन स्वतः करून पाहावं आणि विद्यापीठाच्या फायनान्स मंडळात जावं. मुलाखतीत ‘इतिहास सोडून इकडे का?’ हे नक्की विचारतील. त्याचं उत्तर पाठ केलेलं नसावं.

सीएफए ही गुंतवणूक विश्लेषकांची व्यावसायिक परीक्षा. तिचे तीन टप्पे आहेत आणि ते पुरे व्हायला वर्षं जातात. संशोधन विभागात किंवा गुंतवणूक व्यवस्थापनात त्याला मान आहे. बँकेच्या डील विभागात शिरण्यासाठी ते निर्णायक ठरलेलं मी पाहिलेलं नाही.

तासांची तुमची भीती खोटी नाही. २०२१ साली गोल्डमन सॅक्समधल्या पहिल्या वर्षाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरच्या १३ अ‍ॅनालिस्टांनी आपसात केलेली पाहणी बाहेर आली, तेव्हा त्यांच्या आठवड्याच्या कामाची सरासरी ९५ तास निघाली होती. तिला अडवू नका, पण नोकरीचा विचार पक्का करण्याआधी तिने इंटर्नशिप करावी. रात्री दोनला ऑफिसातून निघताना तिला काय वाटतं, हे तिचं तिलाच कळेल. त्या आठवड्यांत तिला फोन करा आणि नुसतं ऐकून घ्या.

प्रश्न : ताई, माझं विद्यापीठ कोणाला माहीत नाही. वाणिज्य शाखेचं शेवटचं वर्ष आहे, इंटर्नशिप नाही. सगळे म्हणतात उशीर झाला. खरंच संपलं का?

उत्तर : नाही. थेट दार बंद झालं आहे, हे मात्र खरं, आणि ते तुझ्यापासून लपवणार नाही.

मी ज्या वाटेने गेले ती अजून आहे. मोठ्या लेखापरीक्षण कंपन्यांत व्यवहार सल्ला विभाग असतात. एखादी कंपनी विकली जात असताना तिचे हिशेब खरे आहेत का, नफा फुगवलेला आहे का, हे ते तपासतात. वाणिज्य शाखेचा पाया तिथे उपयोगी पडतो. दोन-तीन वर्षांत तू पाच-पंधरा व्यवहार आतून पाहिलेले असतात आणि बँकेला तुला शिकवावं लागत नाही. मी तीन वर्षांनी बँकेत गेले, तेव्हा माझा वरिष्ठ माझ्याहून एक वर्षाने लहान होता. पहिला महिना ते टोचलं. मग काम इतकं होतं की विसरले.

दुसरी वाट छोट्या सल्लागार फर्मची. त्यांच्याकडे निवडीची मोठी यंत्रणा नसते, गरज पडली की माणूस घेतात. युरोपात तीन ते सहा महिन्यांच्या, हंगामाबाहेरच्या इंटर्नशिपही मिळतात. तिसरी वाट नाव असलेल्या विद्यापीठातून एका वर्षाची मास्टर्स. पण तो अभ्यासक्रम सुरू होतो तेव्हाच बँकांचे अर्ज उघडलेले असतात, म्हणून तयारी प्रवेशाआधीच्या उन्हाळ्यात करावी लागते. अनेक मुलं वर्षभराची फी भरतात आणि हे डिसेंबरात ओळखतात. चौथी वाट काही वर्षांच्या नोकरीनंतर चांगल्या ठिकाणाहून एमबीए. तिथून अ‍ॅनालिस्ट नाही, थेट त्यावरच्या पायरीवर, असोसिएट म्हणून घेतात, आणि तुझी पहिली पदवी कुठली हे तेव्हा मागे पडलेलं असतं.

दारं थोडी सैल झाली आहेत हेही सांगते. गोल्डमन सॅक्सने २०१६ साली पदवीच्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या फेरीच्या मुलाखती कॅम्पसवर घेणं सोडून व्हिडिओवर आणल्या, त्यामागे जास्त विद्यापीठांतल्या मुलांपर्यंत पोहोचण्याचा हेतू होता.

आता आठवड्याला पाच ईमेल लिहायचे. तुझ्याच विद्यापीठातून किंवा तशाच एखाद्या ठिकाणाहून बँकेत किंवा व्यवहार विभागात पोहोचलेली माणसं लिंक्डइनवर शोध. नोकरी मागू नकोस, पंधरा मिनिटं माग. पहिल्या ओळीत तू कोण आणि त्यांच्यात-तुझ्यात समान काय ते. दुसऱ्या ओळीत त्यांनी केलेल्या एखाद्या जाहीर व्यवहाराबद्दल खरा प्रश्न, ज्याचं उत्तर शोधून सापडत नाही असा. तिसऱ्या ओळीत तुला चालतील अशा दोन वेळा. सीव्ही जोडू नकोस, मागितला तर पाठव. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण कर आणि पुढच्या नावाकडे वळ.