जपानी बागेत इमारत बसवताना

अरे बागेतल्या इमारतीचा तुझा प्लॅन बघितला, मेहनत दिसतेय, पण एक सलग ठोकळा झालाय रे, बागेसमोर भिंत घातल्यासारखा. क्योतोचा कात्सुरा राजवाडा नीट बघ, 17व्या शतकातला. तिथे इमारतीचे भाग एकामागे एक तिरके सरकवत नेलेत, उडत्या हंसांच्या रांगेसारखे, त्यामुळे आतून बाग वेगवेगळ्या कोनांतून दिसते आणि तळ्याकडून बघितलं तर अख्खी इमारत एकदम अंगावर येत नाही.

छप्पर खाली उतरू दे, वळचण भरपूर पुढे काढ, तिच्या सावलीत एनगावा ठेव, म्हणजे आपल्या पडवीसारखा लाकडी पट्टा, तिथे बसलं की आपण घरात आहोत की बागेत तेच कळत नाही. लाकूड शक्यतो रंगवू नकोस, चकचकीत काच तर नकोच.

आणि जपानमधल्याच ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेतला ऱ्यूतेन मंडप! खालचा मजला चारी बाजूंनी उघडा, मधोमध चक्क ओहोळ वाहतो, पाण्यात रंगीत दगड. मला तर यापेक्षा सुंदर काही सुचत नाही. पुण्यात असशील तर सिंहगड रोडची पु. ल. देशपांडे बाग कोराकुएनवरूनच केलीय, तिथे तासभर बस, मग पेन्सिल उचल.