बर्लिन बचावातील तुमची बरोबरी नेमकी कोठे ठरली

तुमचा बुद्धिबळाचा डाव मी पटावर तीन वेळा मांडून पाहिला. यवतमाळच्या स्पर्धेत तुम्ही काळ्या मोहऱ्यांनी बर्लिन बचाव (डाव सुरू करण्याची काळ्याची एक ठरलेली पद्धत) खेळलात आणि एकतिसाव्या चालीला बरोबरी मान्य केलीत. त्यावर ‘मोठ्या मानांकनाच्या खेळाडूला घाबरलास’ असे गावातले मित्र म्हणाले, म्हणून पुढे खेळायला हवे होते का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर नाही असेच आहे. प्यादी समान होती, उंट विरुद्ध रंगांच्या घरांतले होते आणि तुमचा उंट ई६ या पांढऱ्या घरावर ठाण मांडून बसला होता. तेथून त्याला हुसकावणे पांढऱ्याच्या उंटाला शक्यच नव्हते.

बरोबरी ठरली ती अठराव्या चालीला, बी४ वरच्या उंटाने तुम्ही सी३ वरचा घोडा मारलात तेव्हा. या बचावात आठव्या चालीलाच वजिरावजिरी (दोन्ही वजिरांची मारामारी) होते, काळ्याचा किल्लेकोट (राजाला हत्तीआड नेण्याचा हक्क) जातो आणि सी-पट्टीवर त्याची प्यादी दुहेरी, म्हणजे एकामागे एक, होतात. त्यामुळे वजिराच्या बाजूला पांढऱ्याच्या तीन प्याद्यांसमोर त्याची चार असूनही त्याला मुक्त प्यादे (ज्याला पुढे अडवणारे विरोधी प्यादे नाही असे) काढणे अवघड जाते, पांढऱ्याला मात्र राजाच्या बाजूने ते काढता येते. राजे आणि प्यादी सोडून बाकी सगळी मोहरी मारली गेली तर डाव बहुधा पांढऱ्याचाच. या तोट्यांच्या बदल्यात काळ्याला उंटांची जोडी मिळते, आणि तीच तुम्ही मोडलीत. पांढऱ्याचीही प्यादी दुहेरी होतील हा मोह मी समजू शकतो, आणि त्या चालीला मी चूक म्हणणार नाही. तिने हरण्याचा धोका टळला, पण जिंकण्याचे साधनही गेले. उंट ई७ वर मागे घेऊन, पुढे एच५ ने एफ५ वरच्या घोड्याला जी४ पासून सुरक्षित केले असते, तर डावात जीव राहिला असता.

बरोबरीला कमी लेखणाऱ्या मित्रांना २००० सालचा लंडनचा जगज्जेतेपदाचा सामना सांगा. आव्हानवीर क्रामनिक यांनी हाच बचाव चार डावांत खेळून चारही बरोबरीत सोडवले, पंधरा डावांत तेव्हाचे जगज्जेते कास्पारोव्ह यांना एकही विजय मिळाला नाही आणि जगज्जेतेपद गेले. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांनीही २०२५ च्या महिला विश्वचषकात कोनेरू हंपी यांच्याविरुद्ध अंतिम फेरीचे दोन्ही पारंपरिक (जास्त वेळेचे) डाव बरोबरीत ठेवले आणि जलद डावांत विजेतेपद मिळवले.

आता आठव्या चालीनंतरच्या स्थितीतून दोन्ही राजे आणि प्यादी तेवढी पटावर ठेवा, पांढरी बाजू स्वतःकडे घ्या आणि त्याच मित्रांशी दहा-बारा वेळा खेळून पाहा, म्हणजे उंटांच्या जोडीविना काळ्याचे तोटे किती जड जातात ते दिसेल.